पुढं घे

२ फेब्रुवारी २००३

डॉक्टरांनी सांगितलं आहे, मॅच बघायची असेल तर तोंड मिटून बघायची. रक्तदाब वर गेला आहे. मी म्हटलं, मग गोळी द्या, तोंडाचा काय संबंध? तर म्हणाले, तुमच्या बाबतीत गोळीपेक्षा तोंडच महत्त्वाचं. सरू शेजारी बसली होती. बावीस वर्षं माझ्याशी संसार करून जे तिला जमलं नाही ते डॉक्टरांनी एका वाक्यात केलं म्हणून तिला इतका आनंद झाला, की डॉक्टरांना गुळाची ढेप पाठवते म्हणाली. ढेप अर्थातच व्याह्यांकडची. आमच्या घरात आता गोड म्हटलं की हंबीररावांचंच.

तेव्हा ठरलं असं: स्टेडियमवर गप्प बसायचं आणि जे ओरडायचं ते घरी येऊन इथं लिहायचं. डायरी बेअरिंगवाल्यांनी नवीन वर्षाची भेट म्हणून दिलेली आहे. तिचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नसेल.

आजची मॅच शून्य-शून्य. मागची पण शून्य-शून्य.

हौद तालीम म्हणजे आम्ही. तालमीत आता जोर-बैठका कोणी काढत नाही, पण पेठेतला पोरगा चालायला लागला की तिच्याच नावानं चेंडू मारतो. यंदा फुटबॉलच्या सीनियर गटात आम्ही शेवटून तिसरे आहोत. शेवटचे दोन संघ मोसम संपला की खालच्या गटात जातात. हौद तालीम आजवर खाली गेलेली नाही. गणपती मास्तर कोच झाल्यापासून मात्र आमची टीम खेळायचं सोडून राखण करायला लागली आहे. मास्तर शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले. त्यांचं एकच म्हणणं, आधी गोल खायचा नाही, बाकीचं मग बघू. सगळे आपल्याच गोलापुढं उभे. चेंडू आला की आभाळात. शेजारी गुंडू रिक्षावाला बसला होता. म्हणाला, "ज्ञानूशेठ, मधल्या रेषेत करंट सोडलाय काय ओ? एक बी पोरगं पलीकडं जाईना."

तोंड मिटलं की कान जास्तच उघडतात. माझे आधीच तिखट. चार लेथ एकदम चालू असताना कुठल्या मशीनवरचं टूल बोथट झालंय हे मी ऑफिसात बसून सांगतो. आज त्या कानांनी पलीकडच्या गॅलरीतली वेस तालमीची माणसं हसताना ऐकली. त्यांची मॅच आमच्यानंतर होती. त्यांनी चार मारले. त्यातले दोन सूरजचे. सूरज म्हणजे आमचा जावई. हे लिहिताना पेन अडखळलं.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी अक्षताचा फोन. सरूनं घेतला. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून ऐकत होतो. शेवटी सरूनं रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"आबा, आम्ही परत जिंकलो. तिनानं."

मी म्हटलं, "बरं झालं. तब्येत कशी हाय?"

"तब्येत झकास हाय. आबा, सूरजनं तिसरा कसा मारला ठावं हाय काय? तिघांना बाजूला काढून. मामंजी तर खुर्चीवर चढून नाचले. आणि तुमचं काय झालं?"

तुमचं.

मी काय झालं ते सांगितलं, आणि रिसीव्हर सरूला परत दिला.

आता हे कोणाला सांगून हसं करून घ्यायचं नाही म्हणून इथं लिहितो. 'आपण' म्हटली असती तर मी त्यात होतो. 'आम्ही' म्हटली की मी बाहेर. एका शब्दात मला गॅलरीतनं खाली उतरवलं. लग्नाला दीड वर्ष झालं नाही. हीच पोरगी माझ्या खांद्यावर बसून हौद तालमीच्या नावानं घसा बसवून घ्यायची. त्यांच्या घराकडून हौदावर चालत यायला पानाचा विडा तोंडात संपत नाही, इतकंच अंतर. आणि ती आम्ही झाली.

सरूला म्हटलं, "ऐकलंस काय म्हणाली?"

"ऐकलं. तुम्ही तरी तिच्या घराला काय म्हणता? त्यांच्यात. त्यांच्यात काय केलं, त्यांच्यात कोण आलतं. तिनं कवा काढलाय काय अर्थ?"

बायकांना शब्दाचं वजन कळत नाही.

१४ फेब्रुवारी

कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा माणूस परत आला होता. रंगीत चित्रं दाखवली. नागसेन पण हात पुसत येऊन उभा राहिला. नागसेन माझा सगळ्यात चांगला टर्नर, आणि हौद तालमीचा लेफ्ट बॅक. म्हणाला, "मालक, आता घ्या की. उद्यमनगरात बऱ्याच जणांनी घेतलं. मी शिकतो."

मी म्हटलं, आधी आहे ते टिकवू. हातातली गिऱ्हाइकं गेली नाहीत म्हणजे मिळवलं. पुढचं पुढच्या वर्षी बघू. मशीनवाला चहा पिऊन गेला. घाईनं उडी मारून कपाळमोक्ष करून घेणाऱ्यांतला मी नाही. झाडू मारायला लागलो होतो त्या शेडचा मालक झालो तो एकेक पाऊल जपून टाकूनच.

दुपारी नागसेन एका शाफ्टवर फार वेळ तेच ते गिरवत बसला होता. लेथच्या आवाजावरून मला कळलं, जॉब तयार आहे, हा उगाच भितोय. ऑफिसातूनच हाक दिली, "पुढं घे!" चार मशीनांच्या गोंगाटात त्याला बरोबर ऐकू गेलं. मान वर न करता त्यानं टूल पुढं घेतलं. माझ्या कारखान्यात हे दोनच शब्द चालतात आणि ते सगळ्यांच्या अंगात मुरलेले आहेत. गणपती मास्तरला मात्र ते अजून कोणी शिकवलेले नाहीत.

२३ फेब्रुवारी

अक्षताचं डोहाळजेवण. त्यांच्यात.

हंबीररावांनी गच्चीवर मांडव घातला होता. हा माणूस गुळाचा अडत्या, पण बोलतो असा की साखर कारखाना याच्याच तोंडात आहे. दारातच मिठी मारली. "या पावणं, या. हौदाचं पाणी कसं हाय? खोल हाय का आटलं?" सगळे हसले. मीपण हसलो. हसण्यात मी कोणाला हरत नाही.

काय कमी आहे या माणसाला? तालीम जिंकते. मुलगा गोल मारतो. पुण्याला नवीन दुकान टाकलं, तेही चालतंय म्हणे. दोन मुलगे, दोन्ही सरळ. घरात शिरलं की चार माणसं याच्याभोवती. आणि आता आमची पोरगी पण. हिरवी साडी नेसून फुलांच्या झोपाळ्यावर बसली होती. मला बघून उठायला लागली तर हंबीरराव म्हणाले, "बस गं, बस. आबाला तिकडं येऊ दे की." आणि मी गेलो. माझ्या पोरीला बस म्हणून सांगणारा हा कोण? पण ती बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली, काहीतरी मागत असल्यासारखी. मला वाटलं पाणी हवं असेल. सरूला पाणी आणायला सांगितलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्यातली रीत. आज जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढायला हवा होता: पावणं, पोरगी कवा पाठवू? मी सुपारी कातरत त्याचीच वाट बघत बसलो. हंबीररावांनी उसाचा विषय काढला, पुण्याच्या दुकानाचा काढला, सूरजच्या गुडघ्याचा काढला. दोनदा मधेच थांबून माझ्याकडं बघितलं. पण जे काढायचं ते काढलं नाही. विहीणबाई तानाबाई पण दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या.

मी आपणहोऊन का विचारावं? आणि खरं लिहायचं तर, विचारलं आणि अक्षताच म्हणाली की मी इथंच बरी आहे, तर? एकदा तोंडानं बोललेलं परत घेता येत नाही. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हरलो तरी नाही.

९ मार्च

शून्य-शून्य. ही कितवी ते मोजायचं सोडून दिलं.

वेस तालमीची पोरं मुद्दाम आमची मॅच बघायला येतात आता. आमची टीम मागं सरकली की एका सुरात ओरडतात, "पावणं आल्यात, दार उघडा की ओऽ." आणि मग जिभेनं बेल वाजवतात. सगळं स्टेडियम हसतं. मी ओठ दातांखाली धरून बसलो. गुंडू म्हणाला, "शेठ, रक्त येईल."

मॅच संपल्यावर तालमीच्या कट्ट्यावर मास्तरांना गाठलं. मास्तर आणि मी एका वर्गातले.

"गणपा, पोरं वाघ हैत. सोड की जरा त्यास्नी."

"वाघ हैत खरं, पण अकरा हैत का? दोघांचे गुडघे गेलेत, एक परीक्षेला बसलाय. वेसवाल्यांसारखं उघडं पडलो तर चार बसतील. न्हाय हरलो तर जगू."

"असं जगून काय करायचं?"

मास्तरांनी चहा बशीत ओतला आणि शांतपणे प्यायले. म्हणाले, "ज्ञानू, तुला बघणाऱ्याला सोपं हाय."

हेच ते. दुसऱ्यानं धाडस करावं असं सगळ्यांनाच वाटतं म्हणे. मला काय तसं वाटत नाही. मला एवढंच वाटतं की ज्याच्या हातात आहे त्यानं करावं. हंबीररावांची माणसं कशी बेधडक खेळतात. मारले तर मारले, खाल्ले तर खाल्ले. तीन खाऊन पाच मारतात. बघताना माझ्याच पायात शिवशिव होते, आणि त्याचाच जास्त राग येतो.

घरी सरू म्हणाली, "अक्षीला आणायला कवा जाताय?"

मी म्हटलं, "पाठवतील की ते. पाठवायचं काम त्यांचं."

"माहेरचा मुराळी न्यायला गेल्याशिवाय पोरगी कशी येईल?"

"पाठवतो म्हणून निरोप तरी आला पाहिजे."

सरूनं भाकरी जरा जोरात थापली.

२३ मार्च

आज सगळा देश क्रिकेटच्या फायनलला टीव्हीपुढं बसून रडला. आमच्या पेठेत लोक थोडं रडले, आणि मग खालच्या गटात जाणार का नाही याची चर्चा सुरू झाली.

अक्षता चार दिवसांपूर्वी येऊन गेली, सूरजच्या गाडीवरून. अर्धा तास बसली. मी कारखान्यात होतो. सरू सांगत होती की तिनं तिच्या जुन्या खोलीत जाऊन खिडकी उघडली, पलंगावर हात फिरवला. विचारलं, "आबा काय म्हणत होते?" सरू म्हणाली, "कशाबद्दल?" तर म्हणाली, "काय न्हाय."

त्या खोलीत लेथचे सुटे भाग ठेवलेत. तिला ते आवडले नसणार. सासरी संगमरवरी फरशी आहे.

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. हंबीररावांकडून माणूस आला, साखरेच्या गाठी आणि ढेप घेऊन. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. सरूनं त्या माणसाला विचारलं, "आणि काय म्हणाले मालक?" तो म्हणाला, "काय न्हाय. म्हणाले, पावणं काय म्हणतात तेवढं ऐकून ये."

मी म्हटलं, सांग, पावणं म्हणाले, पाडव्याच्या शुभेच्छा.

तो माणूस जरा थांबला, मग गेला.

१३ एप्रिल

आज शेवटची मॅच. हौद विरुद्ध वेस. आज सगळं लिहून काढणार, मग डॉक्टरांना दाखवणार.

हिशेब सोपा होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही वर राहणार होतो, हरलो तर खाली. त्यामुळं मास्तर खेळणार कसे हे कट्ट्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. सकाळपासून पेठेत दुकानं बंद. स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नाही. पलीकडे त्यांच्या बाजूला, खालच्या ओळीत बायकांच्यात, अक्षता बसलेली मला दिसली. आठ महिने झालेत आणि या गर्दीत आणलं तिला. हंबीररावांनी तिच्यासाठी उशी आणली होती, पाठीला लावायला. छत्री धरली होती. स्वतः उन्हात, आणि छत्री तिच्यावर. मी आपलं बघत होतो.

पहिला हाफ शून्य-शून्य. सूरजनं दोन मारले ते नागसेननं अंगावर घेतले. एकदा तर पोटावर. उठला, हात झटकले, जागेवर उभा. मास्तर रेषेवरून फक्त तळहात खाली दाबत होते. थांबा, थांबा. दुसरा हाफ तसाच. वेसवाले सगळे पुढं आलेले, त्यांच्या मागं अर्धं मैदान मोकळं, नांगरायला दिल्यासारखं. आणि आमची पोरं दार लावून बसलेली. पलीकडून बेल वाजायला लागली. हंबीरराव पण वाजवत होते. आणि मला ऐकू आलं. एवढ्या हजारो माणसांत मला बरोबर ऐकू आलं, त्यात एक बाईचा आवाज होता. अक्षता हसत होती.

थोडी मिनिटं राहिली असतील. त्यांच्या एकाला लागलं म्हणून रेफ्रीनं खेळ थांबवला. स्टेडियम गप झालं. परत शिट्टी झाली, चेंडू नागसेनच्या पायात, त्याच्यापुढं कोणी नाही. समोर ते सगळं रान मोकळं. आणि तो चेंडू उचलून फेकायला पाय मागं घेतोय. मला राहवेना. जॉब तयार आहे आणि हा भितोय. मी उठून उभा राहिलो आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पुढं घे!"

नागसेननं मान वर केली नाही. पाय खाली आला आणि तो पुढं निघाला. काय निघाला म्हणून सांगू. रेषा ओलांडली, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. सगळा हौद उभा राहिला. मास्तर दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते. मला वाटलं, या मोसमात आम्ही पहिल्यांदा फुटबॉल खेळतोय. डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्यानं चेंडू काढून घेतला आणि लांब मारला. लेफ्ट बॅकची जागा मोकळी होती. त्या जागेतून सूरज गेला. गोल.

संपलं. एक-शून्य. हौद तालीम खाली.

मी म्हणतच होतो. इतका वेळ चेपून धरलेला बचाव कधीतरी फाटणारच. सुरुवातीपासून मोकळं खेळले असते तर ही वेळ आली नसती. मास्तरांनी हा संघ बुडवला. बाहेर पडताना गुंडूला तेच सांगितलं. त्यानं रिक्षात बसवून घरी सोडलं आणि एवढंच म्हणाला, "शेठ, पाणी प्या आणि झोपा."

१५ एप्रिल

काल जयंतीची सुट्टी होती. आज नागसेन कामावर आला. डोळे सुजलेले. पोटावर चेंडूचा निळा डाग आहे, सदरा वर करून बाकीच्यांना दाखवत होता. मी आल्यावर सदरा खाली घेतला.

मी म्हटलं, "नागसेन, मनाला लावून घेऊ नको. तू पळालास ते बरोबर पळालास. मास्तरांनी मागं कोण ठेवला नव्हता ही त्यांची चूक."

तो म्हणाला, "मास्तर सकाळपासनं बजावत होते मालक. तू जागा सोडू नको, काय बी झालं तरी."

"मग सोडलीस कशी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मशीन चालू केलं आणि काहीतरी बोलला. लेथच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी पण परत विचारलं नाही.

आज दिवसभरात कोणाला हाक मारावी लागली नाही. सगळे आपापलं काम नीट करत होते.

१७ एप्रिल

पेठेत सुतक असल्यासारखं आहे. मी कट्ट्यावर गेलो की बोलणं थांबतं आणि उन्हाळ्याचा विषय निघतो. माझं दुःख जास्त आहे हे लोकांना कळतंय, म्हणून जपतात.

मास्तर देवळापाशी भेटले. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण ते भांडले नाहीत. एकदम म्हातारे दिसले. कोचपद सोडतोय म्हणाले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ज्ञानू, तुझा आवाज लई लांब जातो रे."

मी म्हटलं, "लेथवर आयुष्य गेलं गणपा. होतो तसा."

माणूस तसा वाईट नाही. फक्त भित्रा.

२० एप्रिल

गुंडूनं बातमी आणली. हंबीररावांनी पाळणा घेतला. सागवानी, पितळी कड्यांचा. त्याच्याच ओळखीच्या टेम्पोतून गेला. शिवाय त्यांच्या घराजवळच्या दवाखान्यात नावसुद्धा घातलंय म्हणे.

म्हणजे ठरलं त्यांचं. कोणाला न विचारता, कोणाला न सांगता. वर पेढे वाटणार, नातू आमच्यात झाला म्हणून. तालीम घेतली, गोल घेतला, पोरगी घेतली, आता हे पण.

जेवण गेलं नाही. सरू म्हणाली, "दवाखान्यात नाव घालतील न्हाय तर काय करतील? तुम्ही काय बोलताय काय?"

"मी कशाला बोलू? रीत त्यांना माहीत नाही?"

"रीत मुराळ्यानं जायची हाय. तुम्ही हितं पाय दुमडून बसलाय आणि ते तिथं. उद्या तुम्ही जाणार नसशीला तर मी जाते, माझी मी घेऊन येते. पेठ बघू दे."

सरू असं कधी बोलत नाही. पाळण्याचं कळलं नसतं तर मी आणखी दोन दिवस थांबलो असतो. पण सागवानी.

सकाळी जायचं.

२१ एप्रिल

गेलो. गुंडूची रिक्षा घेतली. तो वेस पेठेत शिरताना म्हणाला, "शेठ, आत जाऊन भांडू नका. मी इंजिन चालूच ठेवतो."

दारात त्यांच्या तालमीचा झेंडा अजून लटकत होता. बघितलं नाही असं करून वर गेलो. हंबीरराव सोफ्यावर पेपर वाचत होते. उठले. "या पावणं. मॅचचं मनावर घेऊ नका. पुढच्या वर्षी परत वर येशीला."

जिना चढताना मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तब्येत कशी, बाजार कसा, मग हळूच विषय. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "मॅचचं बोलाय न्हाय आलो. पोरीला न्यायला आलोय."

हंबीररावांच्या हातात पेपर तसाच राहिला. तानाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "आलं का एकदाचं मुराळी," म्हणाल्या. "अक्षता, अगं चप्पल घाल."

आणि अक्षता दारामागून बाहेर आली. हातात बॅग. भरलेली. मी म्हटलं, "इतक्यात भरलीस?"

तानाबाईच म्हणाल्या, "इतक्यात कुठली? डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी भरलीया. तवापासनं दाराआड उभी हाय. रोज पुसून ठेवती."

म्हणजे यांना तिला पाठवायची किती घाई होती बघा. आणि तोंडानं एक शब्द नाही.

अक्षता माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. मला वाटलं सासर सोडताना वाईट वाटतंय. म्हणाली, "आबा, मला वाटलं तुम्हाला मी नको हाय."

नववा महिना आहे, डॉक्टर सांगतात या दिवसांत बायका काहीही बोलतात. मी म्हटलं, "चल, आई वाट बघतीया."

बॅग मी उचलणार तर हंबीररावांनी आधीच उचलली. जिना उतरले, रिक्षात ठेवली. परत वर गेले, उशी आणली. मॅचच्या दिवशीची तीच. तिच्या पाठीला लावली, काढली, परत नीट लावली. गुंडूला म्हणाले, "खड्डा चुकवून ने." गुंडू म्हणाला, "व्हय." ते परत म्हणाले, "हौदापाशी रस्ता उकरलाय, तिथं उतरून बघ आधी." गुंडू म्हणाला, "बघतो." ते तिसऱ्यांदा काहीतरी सांगायला वाकले तेव्हा तानाबाई म्हणाल्या, "अहो, जाऊ दे आता तिला."

अक्षतानं वाकून त्यांच्या पायाला हात लावायला बघितलं, त्यांनी लावू दिला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "पावणं, ती रातच्याला दूध पिताना गूळ मागती. साखर चालत न्हाय तिला." माझ्या पोरीला काय चालतं ते मला सांगत होते. मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं.

"परत कवा आणताय?"

"सव्वा महिना झाल्यावर," मी म्हटलं. "रीतीप्रमाणं."

ते बरं म्हणाले. घराकडं वळले नाहीत. रिक्षा हलली, मी आरशातून बघितलं. इतका मोठा माणूस, रस्त्याच्या मधे उभा, हातात अक्षता विसरलेली पाण्याची बाटली. कोणीतरी हाक मारली, तिकडं बघितलं नाही. मागून वेस तालमीची दोन पोरं मोटरसायकलवरून ओरडत गेली, "हंबीरदादा, जिंकलो की ओ." तरी हसले नाहीत. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून हे पहिल्यांदा बघतोय.

अक्षता आत झोपली आहे. खोलीतले लोखंडाचे तुकडे संध्याकाळी मीच बाहेर काढले. सरू गुणगुणत भांडी घासते आहे.

हंबीररावांचं मात्र काय बिनसलंय ते कळेना. पुण्याचं दुकान बसलं असणार, नाहीतर गुळाचा भाव तरी पडला असेल. उद्या मार्केट यार्डात चक्कर टाकून ऐकतो काय चाललंय ते.